हातभर अंगण, बेताचा खर्च

संध्याकाळी पाच-साडेपाचची वेळ. दुपारची झाकपाक आवरलेली असते, मुलं खेळायला गेलेली असतात आणि विरार लोकलने येणारी घरची मंडळी पोचायला अजून तास-दीड तास असतो. अशा वेळी चहाचा कप घेऊन ओट्यावर घटकाभर टेकावं असं तुम्हालाही वाटत असेल, नाही का? पण ओट्यावर असतं काय? मोडकी सायकल, घर रंगवलं तेव्हाचे रंगाचे डबे, गेल्या पावसात काड्या तुटलेली छत्री आणि ‘लागतील कधीतरी’ म्हणून रचून ठेवलेल्या फरशा. मग आपण कप घेऊन मुकाट्याने पुन्हा आत येतो.

वसई-विरारकडे अजूनही बऱ्याच जणींच्या वाट्याला हातभर का होईना, अंगण आलेलं आहे. कुणाचं वाडीतलं जुनं घर, कुणाचं रो-हाऊस, कुणाची बैठ्या चाळीतली खोली आणि दारापुढे चार पावलांची जागा. कुणाच्या अंगणात तुळशीवृंदावन, कुणाच्या अंगणात क्रूस. मुंबईत दहाव्या मजल्यावर राहणाऱ्या बहिणीला विचारा, म्हणजे या चार पावलांची किंमत कळेल! ही जागा थोडक्या पैशात नीटनेटकी, देखणी कशी करायची, ते आज बघू या.

आधी माझीच फजिती

ती सांगते, म्हणजे तुमची टळेल. आमचं अंगण बारा फूट बाय पंधरा फूट. मातीचं. पावसात चिखल, उन्हाळ्यात धूळ. मुलांचे पाय धुऊन धुऊन मी कंटाळून गेले होते. एका वर्षी भिशी लागली, तेव्हा ठरवलं, एकदाची या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत लादी घालून टाकायची. दुकानात मन भुललं ते नेमकं गुळगुळीत, चकचकीत लादीवर. चार दिवसांत काम झालं. शेजारणी मुद्दाम बघून गेल्या. पहिले आठ दिवस तर मी दिवसातून दोनदा पुसत होते!

मग जून उजाडला. मातीचं अंगण पाणी पिऊन टाकायचं, लादी कुठली प्यायला? उतार काढायचं काम करणाऱ्याच्या मनात आलं नाही आणि मलाही सुचलं नाही. जुलैतल्या एका रात्री पाणी उंबरठा ओलांडून बाहेरच्या खोलीत आलं. श्रावणात लादीवर शेवाळ धरलं आणि तुळशीला पाणी घालायला गेलेल्या सासूबाई घसरल्या. मनगट मोडलं. सव्वा महिना हात गळ्यात. बिचाऱ्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण भाकरी थापणारा तो हात तसा बांधलेला दिसला, की मला मेल्याहून मेल्यासारखं होई. लादी घालताना ‘तात्पुरता’ म्हणून कुंडीत काढलेला मोगराही वाळून गेला तो गेलाच.

दुसऱ्या वर्षी लादी उखडली आणि अंगण पुन्हा नव्याने केलं. पहिल्या खर्चाचा चौथा हिस्साही लागला नाही. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. अंगणात पहिला विचार करायचा तो पाण्याचा. शोभा मागाहून येते, आणि ती फारशी पैसेही मागत नाही.

थोडा हिशेब करू या

180 चौरस फूट जागेवर एक इंच पाऊस पडला, तर किती पाणी झालं सांगा? साधारण सव्वाचारशे लीटर! म्हणजे पंधरा लीटरच्या अठ्ठावीस बादल्या. आणि आपल्याकडे जुलैत एक इंच पाऊस म्हणजे काहीच नाही. आता सबंध पावसाळ्याचा हिशेब करा. दोन हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर एवढ्याशा अंगणावर तेहतीस हजार लीटरच्या वर पाणी पडतं. दहा हजार लीटरचे तीन टँकर भरून वर उरेल इतकं! ज्या टँकरची एप्रिल-मेमध्ये आपण हंडे मांडून वाट बघतो, ते तीन टँकर पावसाळ्यात दाराशी येतात आणि आपण त्यांना लादीवरून गटारात घालवतो.

वसईच्या जुन्या माणसांना हा हिशेब कागदावर मांडावा लागला नाही. त्यांच्या वाडीत, घराजवळ बावखल असायचं. बावखल म्हणजे खणलेलं छोटं तळं. निघालेली माती भरावाला उपयोगी पडायची आणि खड्ड्यात पावसाचं पाणी साठून, मुरून आसपासच्या विहिरींना झरे राहायचे. त्याच पाण्यावर वसईची केळी, पानवेली आणि फुलं पोसली. आगाशीची सुकेळी नावाजली गेली, पहाटेच्या गाडीने फुलांचे भारे दादरच्या बाजारात जाऊ लागले. पुढे वस्ती वाढली तशी कित्येक बावखलं बुजली. समुद्र तर हाकेवर. गोडं पाणी उपसत राहिलं आणि वरून मुरलं नाही, की विहिरीत खारं पाणी शिरतं. वसईचं पाणी आणि हिरवाई राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली माणसं उभी केली, ती काही उगाच नव्हे.

जुलै 2018 चा पाऊस तर तुम्हाला आठवतच असेल. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या, मिठागराच्या वस्तीतली माणसं पाण्यात अडकली. आपल्या अंगणाने असा पूर थांबणार नाही, हे खरं. पण आपल्या उंबरठ्यापुरतं आणि शेजारणीच्या विहिरीपुरतं तरी आपल्याला करता येतंच की!

आधी भंगार, मग खर्च

सुरुवात खर्चाने नाही, कमाईने करा. एका रविवारी सगळ्यांना कामाला लावून अंगण पूर्ण मोकळं करा. लोखंड, पत्रा, रद्दी भंगारवाल्याला द्या. जे पैसे येतील ते वेगळ्या डबीत ठेवा, ते अंगणाचेच. पण विटा, मंगलोरी कौलं, फरशीचे तुकडे, नारळाची सोडणं आणि रंगाचे रिकामे डबे मात्र ठेवून घ्या. हेच आपलं भांडवल.

एक हिस्सा वाट, दोन हिस्से माती

सगळं अंगण झाकायचं नाही. फाटकापासून दारापर्यंत अडीच फुटांची वाट आणि बसण्यापुरती सहा बाय चार फुटांची जागा, एवढंच पक्कं करा. आमच्या अंगणात हे साठ-बासष्ट चौरस फुटांत बसलं, म्हणजे एकूण जागेचा तिसरा हिस्सा. बाकी माती मोकळी.

यासाठी नवी लादी नको. फरशीच्या वखारीत शहाबादी आणि कडप्प्याचे तुकडे उरलेले असतात, ते पूर्ण लादीपेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळतात. मात्र खरखरीतच घ्या, पॉलिश केलेले नकोत. जुन्या विटा आडव्या मांडणार असाल, तर चौरस फुटाला साधारण साडेतीन विटा धरा.

माती चोपून घट्ट करा, वर दोन इंच दगडी कच पसरा, त्यावर तुकडे बसवून लाकडी ठोकळ्याने ठोका. सांधे सिमेंटने भरू नका, कचच भरा. पाणी तिथून खाली जातं आणि उद्या एखादा तुकडा खचला तर तुमचा तुम्हाला उचलून बसवता येतो. सांध्यांत दूर्वा उगवल्या तर उगवू द्या, गणपतीत उपयोगी पडतील!

उतार घरापासून बाहेर हवा. पाच फुटांना एक इंच, म्हणजे पंधरा फुटांना तीन इंच. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून दोघींनी दोन टोकांना धरली, की उतार कळतो. आणि काम संपल्यावर, मजुरी देण्याआधी, दाराशी चार बादल्या पाणी ओतून बघायचं. मी तेवढंच केलं नव्हतं!

वाटेच्या कडेला जुनी कौलं अर्धी पुरून उभी लावा. लाल कौलाची ती किनार फार गोड दिसते आणि मातीही वाटेवर येत नाही.

सखल कोपऱ्यात शोषखड्डा

उतार जिथे संपतो तिथे तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा घ्या. तळाशी मोठे दगड, मधे विटांचे तुकडे, वर खडी आणि वाळू. पावसाचं पाणी इथे मुरेल. मात्र घराच्या पायापासून आणि संडासाच्या टाकीपासून तो आठ-दहा फूट तरी लांब असावा, आणि न्हाणीचं किंवा भांड्यांचं पाणी त्यात मुळीच सोडू नये.

एक सावधगिरी. तुमची जागा सखल असेल, तर ऐन पावसाळ्यात कोपऱ्यात हातभर खड्डा खणून बघा. त्यात आपोआप पाणी भरत असेल तर जमीन आधीच तुडुंब आहे. तिथे शोषखड्ड्याचा उपयोग नाही, पाणी पन्हळीने गटाराकडेच न्या. आणि अंगण सोसायटीच्या सामाईक जागेत असेल तर खणण्याआधी विचारून घ्या, म्हणजे पुढे बोलाचाली नको.

रोपं विकत कमी, मागून जास्त

नर्सरीत गेलं की आपला हात सैल सुटतो. त्यापेक्षा आषाढात शेजारणींकडे एक फेरी मारा. जास्वंदीची फांदी, मधुमालतीची काडी, गोकर्णाच्या बिया, कर्दळीचा कांदा, गवती चहाचं ठोंब, ओव्याची फांदी यांतलं काहीही विकत घ्यावं लागत नाही. पावसात काडी खोवली की धरते.

पैसे घालवायचेच तर दोन रोपांवर घालवा, मोगरा आणि सोनचाफा. मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन हवं. माघात त्याचं पाणी थोडं तोडा, फांद्या छाटा, मग शेणखत घालून भरपूर पाणी द्या. चैत्रापासून ओंजळी भरतील. सोनचाफा घेताना कलमीच घ्या, तो वर्षा-दोन वर्षांत फुलतो. बियांचं झाड फुलायला वर्षानुवर्षं लावतं. मात्र तो भिंतीला खेटून लावू नका.

मागच्या दारी तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी जातं तिथे अळू आणि केळ लावा. अळूवड्यांची पानं घरची! साबणाचं पाणी जातं तिथे खायचं काही नको, तिथे कर्दळ. जूनमध्ये ओट्याच्या कडेला बांबू रोवून शिराळ्याचा वेल चढवलात, तर श्रावणात भाजी आणि सावली दोन्ही मिळतील. आणि झाडांच्या बुंध्याशी नारळाची सोडणं उपडी मांडा. उन्हाळ्यात ओल टिकते, पाणी निम्म्यावर येतं.

रंगाच्या डब्यांना तळाशी चार-पाच भोकं पाडा, बाहेरून गेरूचे दोन हात द्या. झाल्या कुंड्या! दोन भाग माती, एक भाग शेणखत आणि एक भाग कोकोपीट भरा.

आता ओटा

रंगाचं काम दिवाळीआधी, भिंती वाळल्यावर काढा. कुंपणाच्या भिंतीला चुना पुरतो. रात्री भिजवून सकाळी गाळा, त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घाला, पांढराशुभ्र येतो. कळीचा चुना भिजवताना उकळतो, म्हणून मुलांना लांब ठेवा आणि डोळे सांभाळा. ओट्याच्या कडेला गेरूचा पट्टा ओढा. जुन्या पलंगाच्या फळीखाली विटांचे दोन खांब केले की बाक तयार, वर जुन्या साडीची गोधडी. एक पिवळसर दिवा दाराच्या डोक्यावर लावा, आणि बस्स.

पावसात दोन गोष्टी विसरू नका

एक, शेवाळ. दर पंधरा दिवसांनी वाटेवर ब्लीचिंग पावडर भुरभुरवून दहा मिनिटांनी खराट्याने घासा. झाडांच्या मुळाशी ती जाऊ देऊ नका आणि त्यात ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. दुसरी, डास. कुंड्यांखालच्या बशा, उघडे डबे, झाकणं आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच होतो.

हे सगळं एका महिन्यात उरकायचा अट्टहास नको. उन्हाळ्यात उतार आणि वाट, आषाढात रोपं, दिवाळीआधी रंग. पैसेही तसेच थोडे थोडे बाजूला पडतात. पण क्रम मात्र चुकवू नका. आधी पाणी, मग वाट, मग झाडं आणि सर्वांत शेवटी रंग.

आमच्या सासूबाईंचा हात आता बरा आहे. पाऊस बदाबदा कोसळला, की त्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि पाणी कौलांच्या किनारीने कोपऱ्याकडे जाताना बघत राहतात. नवा मोगरा लावला तो त्यांनीच. संध्याकाळी चार कळ्या माझ्या ओंजळीत टाकतात आणि म्हणतात, “घे गं, तुझ्या भिशीचं व्याज!”