पत्रकार व्हायचंय, मग पत्रकारितेची डिग्री घ्यावीच लागते का?

बारावीचा निकाल लागला की हा सीन ठरलेला. पोरगी म्हणते, ‘मास कॉम करायचंय.’ वडील विचारतात, ‘ते केलं की नोकरी लागते का?’ दोघांचंही चुकत नाही.

आधी कायद्याचं बघू. वकिलीला सनद लागते, डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते. पत्रकाराला असं काहीच लागत नाही. मार्च २०१३ मध्ये प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी पत्रकारांची किमान पात्रता ठरवायला समिती नेमली होती. चर्चा भरपूर झाली, पण डिग्री काही सक्तीची झाली नाही.

मग कोर्सची फी कशाला भरायची?

एक उदाहरण घ्या. गावात बलात्काराची घटना घडते. यूट्यूब चॅनलवाला बूम घेऊन पोहोचतो. पीडितेचं नाव तो घेत नाही, तेवढं त्याला माहीत असतं. पण तिच्या घरासमोर उभा राहून लाईव्ह करतो, वडिलांचा चेहरा दाखवतो. झाली की ओळख जाहीर! भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलगी अल्पवयीन असेल तर पॉक्सोचं कलम २३ वेगळंच. शिक्षा पत्रकाराला होईल न होईल, त्या घराचं नुकसान मात्र लगेच होतं. न्यूजरूमच्या धावपळीत हे आधी समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो. चांगल्या वर्गात तो असतो.

चांगल्या म्हणजे कुठल्या, हा खरा प्रश्न. कारण मास कॉम म्हणजे पत्रकारिता नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएमलाच शेवटच्या वर्षी जाहिरात आणि पत्रकारिता असे दोन फाटे फुटायचे. पुण्यातल्या विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, म्हणजे सगळ्यांचं ‘रानडे’, १९६४ पासून आहे. आयआयएमसीच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिता शिकवतात. अशा ठिकाणी पदवीनंतर जाता येतं. त्यामुळे आधी अर्थशास्त्र, कायदा, शेती असा एखादा विषय पक्का करून मग पत्रकारितेकडे वळणं जास्त शहाणपणाचं. कांद्याचा भाव का पडला हे कळणारा रिपोर्टर कुठल्याही संपादकाला हवाच असतो. शिवाय मन बदललं, तर हातात दुसरी डिग्री असतेच.

खासगी कॉलेजात लाखात फी भरणार असाल तर स्टुडिओ आणि कॅमेरे बघून भुलू नका. गेल्या वर्षीच्या मुलांना गाठा. इंटर्नशिप कॉलेजने दिली की स्वतः शोधली? शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी बातमीदारी केलीय? लिहिलेली बातमी लाल पेनाने तपासून परत मिळते का? आणि पहिला पगार किती मिळाला, हे तर लाज न बाळगता विचारा. फीसाठी कर्ज काढणार असाल तर त्या पगारातून हप्ता जाऊन खोलीभाडं आणि मेसचे पैसे उरतात का, हा हिशेब वडिलांसोबत बसूनच करा.