ओलीस राहिलेला इतिहासकार

इ.स.पू. १६८ मध्ये पिडनाच्या लढाईत रोमने मॅसिडोनियाचं राज्य बुडवलं आणि पुढच्या वर्षी ग्रीसमधल्या अखाईअन संघाच्या हजारभर मातब्बरांना चौकशीच्या नावाखाली इटलीला नेलं. चौकशी झालीच नाही. सोळा-सतरा वर्षांनी सुटका झाली तेव्हा जेमतेम तीनशे जण उरले होते. त्यांतलाच एक पॉलिबियस. मेगॅलोपोलिसचा राहणारा, संघाच्या घोडदळाचा प्रमुख राहिलेला, वडील लिकोर्टास संघाचे पुढारी. बाकीचे ओलीस इटलीतल्या गावोगावी खितपत पडले; याला मात्र रोममध्येच राहायला मिळालं. पिडनाचा विजेता एमिलियस पॉलस याच्या घरी त्याची ऊठबस होती आणि पॉलसच्या धाकट्या मुलाशी पुस्तकांच्या देवघेवीतून त्याची गट्टी जमली होती. हा मुलगा दत्तक गेलेला. पुढे कार्थेज जमीनदोस्त करणारा स्किपिओ तो हाच.

५३ वर्षांत जवळजवळ सारं ज्ञात जग रोमच्या टाचेखाली आलं कसं, हा पॉलिबियसचा प्रश्न. उत्तरादाखल त्याने ४० खंड लिहिले. त्यांतले पहिले पाचच अखंड उरलेत. बाकीचे तुकड्यातुकड्यांनी मिळतात. त्यांतले पुष्कळसे दहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट कॉन्स्टंटाइन याने करवून घेतलेल्या उताऱ्यांमुळे वाचले.

टिमियस या आधीच्या इतिहासकारावर तो तुटूनच पडतो. अथेन्समध्ये पन्नास वर्षं ग्रंथांत डोकं खुपसून बसलेल्याने लढायांचा इतिहास लिहावा, हे त्याला सहनच होत नाही. स्वतः तो कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचा मार्ग बघण्यासाठी आल्प्स ओलांडून आला, त्या काळातल्या माणसांना गाठून विचारपूस केली. दक्षिण इटलीत लॅसिनियमच्या भूशिरावर हॅनिबलने आपल्या सैन्याची नोंद कोरून ठेवलेला ब्राँझचा पत्रा त्याला सापडला. त्यावरून तो सांगतो, की इटलीत उतरताना हॅनिबलपाशी आफ्रिकन पायदळ १२,०००, इबेरियन ८,००० आणि घोडदळ ६,००० होतं. याच सैन्याचे आकडे देताना रोमन इतिहासकार लिव्ही काही लेखकांची मजल एक लाख पायदळ आणि वीस हजार घोडदळापर्यंत गेल्याचं नमूद करतो. बखरी बाजूला सारून अस्सल पत्रं शोधणाऱ्या इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांना हा पत्रा पाहून आनंदच झाला असता.

पण हाच माणूस कागदपत्रांवरून घसरतोही. रोम-कार्थेजचे जुने करार त्याने रोममध्ये पाहिले. पहिल्याची लॅटिन इतकी जुनी, की जाणकार रोमनांनाही ती धड उलगडेना, हे तो प्रांजळपणे सांगतो. त्याच जोरावर, रोमनांनी सिसिलीत पाय ठेवू नये असा करार झाला होता, हे फिलिनस या कार्थेजधार्जिण्या इतिहासकाराचं म्हणणं तो साफ फेटाळतो. आजचे बरेच अभ्यासक इथे फिलिनसचा पक्ष घेतात. कराराची नोंद सापडली नाही म्हणजे करारच नव्हता, हा तर्क तसा कच्चाच.

माणसांच्या बाबतीत तर त्याचे हिशेब उघडच आहेत. अखाईअनांचे जुने वैरी एटोलियन त्याच्या लेखी लुटारू आणि हावरट. स्किपिओच्या घराण्याबद्दल लिहिताना लेखणी मऊ होते. मला विचाराल तर पॉलिबियस सर्वांत भरवशाचा वाटतो तो कंटाळवाणा होतो तेव्हा, म्हणजे रोमन छावणीची आखणी किंवा पहारेकऱ्यांच्या पाळ्या सांगताना. स्किपिओ दिसला, की वाचकाने जरा सावरून बसावं.

त्याचं लिखाण आता समुद्रतळाशीही ताडून पाहता येतं. सिसिलीच्या पश्चिमेला एगादी बेटांपाशी इ.स.पू. २४१ मध्ये रोम-कार्थेजमधल्या पहिल्या प्युनिक युद्धाचा निकाल लावणारी आरमारी लढाई झाली. ती त्याच्या जन्माआधीची. या युद्धासाठी आपली भिस्त फिलिनस आणि रोमन फेबियस पिक्टर यांच्यावर आहे आणि दोघेही आपापल्या बाजूला झुकलेले आहेत, हे तो आधीच सांगून टाकतो. गेल्या काही दशकांत तिथल्या समुद्रतळातून जहाजांच्या नाळेवर बसवायची, शत्रूचं जहाज फोडणारी ब्राँझची वीसहून अधिक टोकं निघाली. काहींवर रोमन अधिकाऱ्यांची नावं आहेत. लढाईची जागा पक्की झाली. पण पॉलिबियस रोमनांची दोनशे जहाजं क्विंक्वेरीम, म्हणजे मोठ्या बांधणीची होती असं लिहितो आणि ही टोकं तेवढ्या मोठ्या जहाजांच्या मानाने लहान भरतात. लहान जहाजंही ताफ्यात होती, की पॉलिबियसच्या आधाराच्या लेखकांनीच सरसकट मोठी जहाजं लिहून टाकली, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे.