बंदुकीचा धक्का आणि नळीच्या तोंडावरील रोधक

बंदूक उडाली कीं गोळी पुढें जाते आणि दस्ता खांद्यावर आदळतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचें हें ठळक उदाहरण होय. परंतु हा धक्का केवळ गोळीचा असतो, ही समजूत अपुरी आहे. काडतुसांतील दारू जळून तिचा जो वायु होतो, तोहि नळीच्या तोंडांतून गोळीपेक्षां अधिक वेगानें पुढें धांवतो आणि बंदुकीस मागें रेटतो.

भारतांत पोलिसांनीं दीर्घकाळ वापरलेली ·३०३ रायफल घ्या. तिची गोळी सुमारें ११·३ ग्रॅम वजनाची, वेग सेकंदास सुमारें ७४० मीटर. दारू अवघी २·४ ग्रॅम. पण तिच्या वायूचा सरासरी वेग १२०० मीटर धरतात. वजन व वेग यांचा गुणाकार केला तर गोळीच्या वांट्यास ८·४ व वायूच्या वांट्यास २·९ येतात. म्हणजे धक्क्याचा चौथा हिस्सा वायूचा. चार किलोची रायफल त्यायोगें सेकंदास २·८ मीटर वेगानें मागें येते. तोच वायु पूर्णपणें आडवा वळवितां आला तर हा वेग २·१ मीटरवर उतरेल. वेग चतुर्थांशानेंच घटला. परंतु ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळें ती सोळा ज्यूलवरून नवांच्या आसपास येते.

वायूस असें वळविणारें साधन म्हणजे मझल ब्रेक, अर्थात् तोंडावरील रोधक. नळीच्या टोकास बसविलेल्या या तुकड्यास बाजूंनीं छिद्रें असतात. गोळी सरळ निघून जाते. मागून येणारा वायु आंतील पडद्यांवर आदळून बाजूंस वळतो व त्या आघातानें बंदुकीस पुढें ओढतो. छिद्रें मागच्या दिशेस तिरपीं केलीं तर ही ओढ वाढते. वरच्या अंगास ठेविलीं तर तोंड उचलण्याची प्रवृत्ति कमी होते. खालीं मात्र तीं सहसा ठेवीत नाहींत. कारण पालथें पडून नेम धरणाऱ्यासमोर धुळीचा लोट उठेल.

परंतु वायु वळविला म्हणजे नाहींसा झाला, असें नव्हे. जो स्फोटनाद पुढें जावयाचा, तो आतां बाजूंस व मागें, बार काढणाऱ्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्याच्या कानांवर येतो. १४० डेसिबलपलीकडील एका आवाजानेंहि श्रवणशक्तीस कायमची इजा होऊं शकते. साध्या रायफलीचा बारच ही मर्यादा ओलांडतो. त्यांत दहा डेसिबलची भर पडली कीं ध्वनीची तीव्रता दसपट होते. छपराखालीं किंवा भिंतीलगत तर नाद परतून पुन्हा कानांवर येतो. खांदा वांचविण्याचें मोल कानानें द्यावें लागतें, तें असें. म्हणून रोधक जितका प्रभावी, तितकें कर्णरक्षण अधिक अगत्याचें.

रोधकाची उपयुक्तता दारूच्या प्रमाणावर ठरते. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्या स्पर्धेंतील ·२२ काडतुसांत दारू चिमूटभर, गोळी सुमारें अडीच ग्रॅमची आणि रायफलीचें वजन आठ किलोपर्यंत. तेथें रोधकास वळविण्याजोगें फारसें उरतच नाहीं. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांनीं तो निषिद्धहि आहे. याच्या उलट टोक म्हणजे पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेनें विकसित केलेली १५५ मिलिमीटरची ‘अटॅग्ज’ तोफ. तेथें दारू किलोंनीं मोजावयाची. म्हणून तिच्या तोंडावर रोधक असतोच आणि नळीचा उरलेला धक्का द्रवाच्या दट्ट्यांनीं झेलला जातो.

सारांश, रोधक हा धक्क्याचा नाश करीत नाहीं. तो त्याची वांटणी बदलतो. ती वांटणी करतांना बार काढणाऱ्याच्या खांद्याइतकाच शेजारी उभ्या असलेल्याच्या कानाचाहि विचार करणें, हेंच चांगल्या रचनेचें लक्षण होय.