कोयता फडातच राहू द्या



बारामती आणि इंदापूर हे दोन्ही उसाचे तालुके. कोयता नाही असे घर आपल्याकडे विरळाच. पण ३० सप्टेंबर २०२४ रोजी हाच कोयता बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या आवारात चालला आणि बारावीतला एक मुलगा जिवाला मुकला. हल्ला करणारेही अल्पवयीन विद्यार्थीच होते. कारण काय, तर दुचाकी पुढे काढण्यावरून आधी झालेली बाचाबाची! एक घर पोराला मुकले, बाकीच्यांच्या पोरांचे आयुष्य नासले.

त्यानंतर ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी बारामतीत पोलिसांमार्फत 'शक्ती अभियान' जाहीर केले. शाळा-महाविद्यालयांत तक्रारपेट्या ठेवण्याचे ठरले. हे चांगलेच झाले. पण पोलीस पोहोचतात ते भांडण पेटल्यावर. ठिणगी आधी दिसते ती घरच्यांना. पोरगा सदरा फाडून आला, शाळेला जायला टाळाटाळ करू लागला, जेवताना गप्प राहू लागला, तर त्याला जवळ बसवून विचारा. लगेच हात उगारू नका. मार खाणारे पोर खरे सांगत नाही. आणि "एक खाल्लीस तर दोन देऊन ये" ही शिकवण तर मुळीच देऊ नका.

घरातले कोयते, विळे काम झाले की मोजून कुलपात ठेवा. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हाती मोटारसायकल देऊ नका. त्याच्या हातून अपघात घडला तर २०१९ पासून कायद्याने पालकालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

आता शाळेकडे वळू. "मास्तर, बडवा पण शिकवा" असे आपण आजवर म्हणत आलो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी आहे. जो मुलगा शाळेत मार खातो, तो तोच धडा धाकट्यांवर गिरवतो. याच कायद्याने जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आली. तिच्यात पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे शाळेचा कारभार विचारण्याचा हक्क तुमचाच आहे.

म्हणून पुढच्या बैठकीला सुगीचे काम थोडे बाजूला ठेवून जा. घरातल्या बाईमाणसालाही बरोबर न्या. तिथे विचारा : तक्रारपेटी आहे का? ती कोण उघडते, कधी उघडते? मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे सखी सावित्री समिती नेमली का? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का? दोन्ही बाजूंनी ऊस वाढलेल्या वाटेने मुली येतात, त्यांची सोबत कोण करते? पाच घरांनी पाळी लावली तर हे काम अवघड नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. मुलीने काही सांगितले तर "लोक काय म्हणतील" म्हणून दडपू नका. असा गुन्हा कळूनही न कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने शिक्षेस पात्र आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

उसाला पाणी वेळेवर दिले नाही तर नुकसान एका हंगामाचे होते. पोराकडे वेळेवर पाहिले नाही तर ते भरून काढायला पुढचा हंगाम येत नाही.