वाघ कोणी कोरला? तेही सांगून विका!

चंद्रपुरात माझं भेटवस्तूंचं दुकान आहे. ताडोबा फिरून आलेले पर्यटक लाकडी वाघ हमखास मागतात. गडचिरोलीकडचे एक दादा सागाच्या तुकड्यांतून ते कोरून द्यायचे. एकदा एका ताईंनी विचारलं, "हा इथलाच ना?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "कशावरून?" माझ्याकडे उत्तरच नव्हतं. त्यांनी वाघ परत ठेवला आणि निघून गेल्या.

त्याच आठवड्यात दादा म्हणाले, "भाऊ, यंदा मी मिरची तोडायला तेलंगणात जातो. यात पोट भरत नाही."

मग मी हिशोब मांडला. एका वाघाला दोन दिवस लागतात. मी देत होतो ३५० रुपये. लाकूड, पॉलिश, घासकागदाचे १२० वजा केले की उरले २३०. म्हणजे रोज फक्त ११५! आणि हा भाव मीच ठरवला होता.

हीच गोष्ट दूर कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशात बघा. तिथले इन्युइट लोक दगडातून पांढरं अस्वल, सील, वॉलरस कोरतात. १९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन हा चित्रकार तिकडे गेला. १९४९ मध्ये मॉन्ट्रियलला या वस्तूंची विक्री लागली आणि काही दिवसांतच माल संपला. पण मागणी वाढली तशा साच्यातल्या नकलाही आल्या. मग १९५८ मध्ये सरकारने इग्लूचं चित्र असलेला टॅग काढला: वस्तू खरोखर इन्युइट हातांची आहे, याची ती खूण. १९५९ मध्ये केप डॉर्सेटला कारागिरांची सहकारी संस्थाही उभी राहिली.

लांब कशाला, धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा घ्या. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून गाव आपला बांबू आपणच विकू लागलं. वस्तू ज्याची, भाव ठरवताना तो समोर हवा.

मी काय केलं? दादांना सोबत बसवून भाव ठरवला. त्यांना १,००० रुपये, दुकानातली किंमत १,४००. प्रत्येक वाघासोबत एक कार्ड: कारागिराचं नाव, गाव, लाकूड कोणतं, किती दिवस लागले. (नाव छापायच्या आधी त्यांची परवानगी घेतली.)

पूर्वी महिन्याला १५ वाघ जायचे, आता ६ जातात. खप पडला म्हणून घाबरू नका. दादांना आधी ३० दिवस राबून ३,४५० उरायचे. आता १२ दिवसांत ५,२८० उरतात. बाकीचे दिवस शेतीला. माझा नफा आधी २,२५० होता, आता कार्डाचा खर्च सोडून २,४००.

तुम्हीही आज एवढं करा:

१. कारागिराची रोजी आधी काढा, विक्रीची किंमत नंतर.
२. लाकूड घेतल्याची पावती जपून ठेवा. सागाला कागदपत्रं लागतात.
३. खरं नख, दात, कातडं कोणी कितीही पैसे देऊन मागितलं तरी सरळ नाही म्हणा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

दादा यंदा मिरचीला गेले नाहीत. आता कोणी "कशावरून?" विचारलं, की मी कार्ड पुढे करतो.