रुग्णालयाच्या भिंतीला ब्लॉक कोणता?



नियोजित रुग्णालयासाठी उसाच्या बिलातून टनामागे कपात होणार, तेव्हापासून नोंदीला शिवारात गेलो की लागणीपेक्षा ब्लॉकचीच चौकशी जास्त होते. "साहेब, हलका ब्लॉक स्वस्तात पडतो म्हणतात, मग सगळीकडे तोच का नको?" प्रश्न रास्त आहे. स्थापत्य विभागाकडून समजून घेतलेली माहिती येथे देतो.

ब्लॉक मुख्यतः तीन तऱ्हेचे : भरीव, पोकळ आणि हलका, म्हणजे एएसी. भरीव ब्लॉकचे वजन घनमीटरला १८०० किलोच्या पुढे, तर एएसीचे साधारण ५५० ते ६५०. आरसीसी खांब-तुळयांच्या इमारतीत मजल्याचा भार भिंतीवर येत नाही. तेथे रुग्णकक्षांना हलका ब्लॉक चांगलाच. ऊन आत कमी येते, पायावरचा बोजा घटतो. भूकंपाचा हिसकाही वजनाच्या प्रमाणात बसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जड दगडमातीच्या भिंतींनी काय केले, ते सर्वांना ठाऊक आहे.

एक्स-रेच्या खोलीचे मात्र उलटे. किरण अडतात ते भिंतीच्या जाडीने आणि वजनाने. हलक्या किंवा पोकळ ब्लॉकची साधी भिंत तेथे घातली, तर पलीकडे बाकावर बसलेल्या गरोदर बाईला किरण लागायचे आणि कुणाला कळायचेही नाही. म्हणून तेथे भरीव ब्लॉक, सांधे मसाल्याने पुरे भरलेले, जाडी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे. मंडळाच्या परवान्याशिवाय यंत्र चालवता येत नाही. भिंत चुकली तर मागाहून शिशाचा पत्रा मारावा लागतो, आणि तो खर्च पुन्हा आपल्याच बिलातून.

शस्त्रक्रियागृहात व प्रसूतिगृहात भीती तड्यांची. ओला ब्लॉक वाळताना आकसतो, गिलावा तडकतो, तड्यात घाण नि जंतू बसतात. कोवळा ऊस तोडला की उतारा पडतो, तसेच हे. भारतीय मानक २१८५ प्रमाणे काँक्रीटच्या ब्लॉकला किमान १४ दिवस पाणी, मग चार आठवडे वाळवण. ठेकेदाराला घाई असते, आपल्याला नसावी.

न्हाणीघर-संडासाला हलका ब्लॉक नको, तो पाणी फार पितो. जड बेसिन टांगायचे तेथेही भरीवच बरा.

भरीव-पोकळ मालाची एक परीक्षा कुणालाही करता येते. तीन कोरडे ब्लॉक वजन करून २४ तास पाण्यात बुडवा. बाहेर काढून, पुसून पुन्हा तोला. वाढ सरासरी दहा टक्क्यांच्या आत हवी. म्हणजे १८ किलोचा ब्लॉक १९.८ किलोवर गेला की माल परत. दाबाची ताकद मात्र प्रयोगशाळेतच कळते. तो दाखला पाहिल्याशिवाय बिल निघू नये.

काहीजण विचारतात, बॉयलरची बगॅस-राख ब्लॉकात घालून पैसे वाचवता येतील का? त्या राखेत न जळालेला कोळसा असतो, तो काँक्रीटचे पाणी ओढतो. तपासणी न करता ती घालू नये.

— ऊस विकास अधिकारी