अबाया, अभ्यास आणि व्यायाम

८ ऑगस्ट १९८४. लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधली चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत आपल्यापैकी बहुतेकींना ऐकून तरी माहीत आहे. आपल्या पी. टी. उषाचं ब्राँझपदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यानं हुकलं, आणि देशभर घराघरांतून हळहळ झाली. पण मैत्रिणींनो, त्या शर्यतीत पहिली कोण आली ते सांगता येईल?

ती होती मोरोक्कोची नवाल अल मुतवक्किल. वय अवघं बावीस. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात विद्यापीठात शिकत होती. ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली अरब स्त्री. १९९३ पासून तिनं कॅसाब्लांका शहरात बायकांसाठी दहा किलोमीटरची धाव सुरू केली. तिच्यात हजारो बायका उतरू लागल्या. काही अर्ध्या चड्डीत, तर काही डोक्याला रुमाल बांधून.

हे सांगायचं कारण असं, की ‘अरब बाई’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच काळं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात ट्युनिस किंवा बैरूतची कॉलेजकन्या निराळी आणि रियाधची निराळी. मोरोक्कोत मुली धावत होत्या, त्याच काळात सौदी अरेबियाच्या सरकारी शाळांत मुलींना पी. टी.चा तासच नव्हता. तो सुरू झाला २०१७ साली! म्हणजे आज तिथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या बऱ्याच मुलींनी लहानपणी शाळेच्या मैदानावर कधी लंगडी घातली नाही, की रिले शर्यतीत धावल्या नाहीत. अठराव्या वर्षी एकदम ‘व्यायाम कर’ म्हटलं, तर ती सुरुवात कुठून करणार, सांगा?

आखातातल्या विद्यापीठांत मुलींची कमतरता नाही बरं का. कुवेत, कतार, अमिरातींत तर उच्च शिक्षणात मुलांपेक्षा मुलीच जास्त. रियाधचं राजकन्या नूरा विद्यापीठ हे जगातलं सर्वांत मोठं महिला विद्यापीठ. त्याचा नवा परिसर २०११ मध्ये उघडला, आणि आवारात फिरायला विद्यापीठाची स्वतःची मेट्रो आहे! ऐकून मला आधी कौतुक वाटलं, मग मनात आलं, की तेवढंही चालणं गेलं की!

पण चालणार तरी कसं? रियाधला उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. कुवेतमध्ये २०१६ च्या जुलैत ५३.९ अंशांची नोंद झाली होती. आपल्या चंद्रपूर-अकोल्याच्या मैत्रिणींना कल्पना येईल. घरातून गाडीत, गाडीतून वर्गात, वर्गातून गाडीत, तेही सगळं थंड हवेत. सौदीत २४ जून २०१८ पर्यंत बाईला गाडी चालवायची परवानगीच नव्हती. तोपर्यंत बाप, भाऊ किंवा पगारी ड्रायव्हर रिकामा असेल तेव्हाच मुलगी बाहेर पडणार. आणि ड्रायव्हर रिकामा झाला, तर आधी आजीला दवाखान्यात न्यायचं. व्यायामाचा नंबर शेवटचा!

सौदी, कुवेत, अमिराती, जॉर्डन, सगळीकडच्या विद्यार्थिनींना संशोधकांनी विचारलं आहे, की बाई, तुम्ही व्यायाम का करत नाही? उत्तरं वाचताना मला आपल्या आळीतच बसल्यासारखं वाटलं. पहिलं उत्तर, वेळ नाही. अभ्यास, परीक्षा, घरची कामं, पाहुणे. दुसरं, अंगात त्राण नसतं. तिसरं, जवळपास बायकांसाठी जागा नाही, आणि असली तरी तिची फी परवडत नाही. मग हळूच येतं चौथं : लोक बघतात.

या चौथ्याविषयी थोडं सविस्तर सांगते. अरबीत एक शब्द आहे, ‘ऐब’. आपण मराठीत ‘ऐब’ म्हणतो ना, खोड किंवा दोष या अर्थी, तोच. तिथे त्याचा अर्थ होतो, लाजिरवाणं, चारचौघांत न शोभणारं. धर्मात जे निषिद्ध ते ‘हराम’, आणि लोकांना जे खपत नाही ते ‘ऐब’. व्यायाम काही हराम नाही. उलट प्रेषित मुहंमद आणि त्यांच्या पत्नी आयेशा यांनी आपसात धावण्याची शर्यत लावली होती, असं परंपरेत सांगितलं आहे, आणि खेळणाऱ्या मुसलमान मुली ही गोष्ट हटकून ऐकवतात. पण मुलगी रस्त्यानं पळताना दिसली की शेजारीण काय म्हणेल, हा प्रश्न धर्मग्रंथ उघडून सुटत नाही. तो आपल्याकडेही कुठे सुटलाय? पहाटे पंजाबी ड्रेसवर पांढरे बूट घालून निघणाऱ्या सुनेला ऐकावं लागतंच, ‘निघाल्या बाई फिरायला!’

२०१७ मध्ये सौदी सरकारनं बायकांच्या व्यायामशाळांना रीतसर परवाने द्यायला सुरुवात केली. राजकन्या रीमा बिंत बंदर तेव्हा क्रीडाखात्यात महिलांचं काम पाहत होत्या, त्यांनी ते जाहीर केलं. चार भिंतींच्या आत सगळ्या बायकाच, त्यामुळे डोक्यावरचं काढून मोकळेपणानं घाम गाळता येतो. मात्र नवी धास्ती आहे ती मोबाइलची. कुणी नकळत फोटो काढला आणि तो भलत्याच्या हाती पडला तर? म्हणून बऱ्याच ठिकाणी फोन दाराशीच ठेवावा लागतो. मला विचाराल तर हा नियम आपल्याकडच्या लेडीज जिमनीही उचलावा.

शिवणकाम करणाऱ्यांसाठी एक गंमत. अबाया म्हणजे अंगावरून पायघोळ घालायचा झगा. तो घालून पळायचं कसं? तर जेद्दाच्या बायकांनी खेळाचा अबाया निघवला! हलकं, हवा खेळेल असं कापड, समोर चेन, आणि खाली घोळ न ठेवता सलवारीसारखे दोन पाय. आपल्या आज्यांनी कासोट्याच्या नऊवारीत शेतं कापली, विहिरी ओढल्या. अडचण कापडाची कधीच नसते, ती बेतण्याची असते.

कापडाची गोष्ट निघाली आहे, तर दुसरी बाजूही सांगायला हवी. मनाहेल अल ओतैबी ही सौदीतली व्यायामशिक्षिका. तिला नोव्हेंबर २०२२ मध्ये अटक झाली. अबाया न घालता काढलेले फोटो आणि बायकांच्या हक्कांविषयी लिहिलेला मजकूर तिनं लोकांपुढे ठेवला, हा गुन्हा. जानेवारी २०२४ मध्ये तिला अकरा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. ज्या देशात बायकांचे फुटबॉल सामने सुरू झाले, राष्ट्रीय संघ २०२२ मध्ये पहिला सामना खेळून जिंकलासुद्धा, त्याच देशात हेही घडलं. तेव्हा एखादी मुलगी ‘नको बाई, घरीच बरी’ म्हणाली, तर तिला आळशी म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

तरीही मुली व्यायाम करतातच. का? वजन आणि रूप ही दोन कारणं आधी येतात. लग्न ठरायचं असतं ना! घरात आईला, आत्याला मधुमेह असतो, त्याचीही भीती. परीक्षेच्या दिवसांत डोकं शांत राहतं, हे एकदा अनुभवलं की ती मुलगी सहसा सोडत नाही. पण पुष्कळदा साधी गोष्ट कामी येते, ती म्हणजे सोबत. एक मैत्रीण ‘चल गं’ म्हणाली, बहीण बरोबर आली, तर निम्मी कारणं आपोआप गळतात. उन्हाळ्यात अशा जोड्या मॉलमधून झपाझप फेऱ्या मारतात, खरेदी न करता! आपल्याला जमेल का हो ते?

आणि आपण त्यांना नावं ठेवायची सोयच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आकड्यांत कुवेतमधली शंभरातली सदुसष्ट आणि सौदीतली त्रेपन्न माणसं पुरेशी हालचाल न करणारी होती. २०२२ च्या आकड्यांत भारतातल्या शंभरातल्या सत्तावन्न बायका त्याच रांगेत आहेत. पुरेशी म्हणजे काय, तर आठवड्याला दीडशे मिनिटं भराभर चालणं. दिवसाला एकवीस-बावीस मिनिटं, एक कुकर होईपर्यंतची!

या पाहण्यांत मुलींना पुष्कळ विचारलं जातं, आयांना फारसं नाही. मला कुतूहल आहे ते त्यांचं. आज ज्यांच्या लेकी सौदीच्या विद्यापीठात आहेत, त्यातल्या सरकारी शाळेत शिकलेल्यांना स्वतःला पी. टी.चा तास कधी मिळाला नव्हता. अशी आई लेकीला ‘ऊन आहे, दमशील’ म्हणत असेल, की ‘थांब, मीही येते’ म्हणत असेल? वाचक मैत्रिणींपैकी कुणाची लेक, सून, बहीण दुबई-मस्कत-रियाधला असेल, तर तिच्याकडून तिथल्या शेजारणींची हकीकत मागवा आणि आम्हाला जरूर कळवा.